भोपाळवाल्या बाईंची रजा

यशवंतरावांनी कौमुदीबाईंचा रजेचा अर्ज पहिल्यांदा परत केला, तेव्हा नागपूरच्या गाडीला तीन तास होते.

यशवंतराव सिंचन खात्यात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, हे त्यांच्याखेरीज रायपूरच्या सगळ्या बूढापारा मोहल्ल्याला ठाऊक होतं. डोक्यातल्या बाकीच्या फायली एकेक करून गहाळ झाल्या. कार्यालय तेवढं शाबूत राहिलं, आणि ते रोज सकाळी साडेदहाला जेवणाच्या टेबलावर उघडे. त्या कार्यालयात राज्य अजून नवीनच होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि भोपाळहून कर्मचारी बदलून येत होते. तेव्हा घरात सदैव वावरणारी ही बाईही भोपाळचीच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. वागायला मात्र सभ्य. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला रोज विचारत, “बाई, रायपुरात राहायची सोय झाली का तुमची?”

“झाली जी,” कौमुदीबाई म्हणत.

नागपूरला धाकट्या बहिणीच्या, मीराच्या मुलीचं लग्न होतं. दोनच दिवस. पंगतीचं, साडीचं त्यांना अप्रूप नव्हतं. तिथं कोणीतरी आपल्याला ‘कौमुदी’ म्हणून हाक मारेल, एवढाच लोभ. पण न सांगता जायची सोय नव्हती. गेल्या महिन्यात त्या तासभर पंडरीच्या बाजारात कापड आणायला गेल्या, तर बडे बाबू ‘कर्मचारी विनापरवानगी गैरहजर’ अशी तक्रार घेऊन पायजम्यावरच कलेक्टर कचेरीकडे निघाले होते.

“नुसतं ‘घरगुती’ काहून लिहिलं? कारण नीट लिहा.”

लिहिलं. अर्ज परत आला. रजेच्या काळातला पत्ता नव्हता. तोही लिहिला.

“चार्ज कोणाकडे?”

“माझ्याकडे,” सून स्नेहल पुढे झाली.

“कामाची यादी कुठं हाय? यादीबिगर चार्ज घेऊन राहिली! नवी पोट्टी दिसते.”

“आई, ऑटो आ गया,” स्नेहल कुजबुजली. “अब लिख ही दो.”

कौमुदीबाईंनी मांडीवरच्या बॅगेवर कागद ठेवला आणि भराभर लिहिलं. रक्तदाबाची गोळी केळ्यात लपवून. चहा बशीत. दाढीच्या वेळी आरसा झाकायचा, आतला म्हातारा ओळखीचा वाटत नाही. चिडले तर जुनं सेवापुस्तक हातात द्यायचं. संध्याकाळी बूढातालाबला फेरी. हात धरायचा, आणि रस्त्याच्या बाजूनं आपण चालायचं.

यशवंतरावांनी यादी दोनदा वाचली.

“हे सगळं एकाच माणसाचं काम?”

“हव.”

“कोण हो हा?”

“आहेत आमच्या घरचे.”

“सोपा दिसत नाही.”

“नाही जी.”

“आन् तुम्ही एकट्या करून राहिल्या?”

कौमुदीबाईंनी मान हलवली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. यशवंतरावांनी लाल पेनाचं टोपण काढलं. ‘कामाचे स्वरूप पाहता अर्जदाराच्या जागी अन्य कोणास नेमणे शक्य नाही. रजा नामंजूर.’

बाहेर ऑटोवाल्यानं चारदा भोंगा वाजवला आणि शिव्या देत निघून गेला.

“आई, मागच्या दारानं निघा ना! मी सांभाळते.”

“आन् हे पुन्हा कलेक्टरकडे निघाले म्हणजे?” त्यांनी बॅग खाली ठेवली. अर्ज मात्र फेकला नाही. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

पाचलाच यशवंतराव उठले. “बाई, मी आज लवकर निघतो. चार्ज तुमच्याकडे. घरी आमची मंडळी एकटीच असते, वाट पाहून राहिली असंल.”

“चला, पोचवते तुम्हाले.”

हात धरून तलावाची फेरी झाली. आपल्याच फाटकाशी येताच यशवंतरावांनी घाईनं हात सोडवून घेतला.

“बस, आलं घर. तुम्ही जा आता. बायकोनं पाहिलं त मले घरात घेणार नाही.”

आणि आत तोंड करून त्यांनी हाक मारली, “कौमुदी!”

दोन वर्षांनी हे नाव त्यांच्या तोंडी आलं होतं.

कौमुदीबाई त्रेसष्टाव्या वर्षी बाजूच्या बोळातून पळाल्या, मागच्या दारानं आत शिरल्या, आणि पदर सारखा करत पुढच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. धाप आवरत म्हणाल्या, “आज लवकर सुटलं ऑफिस?”

“हव. त्या भोपाळवाल्या बाईकडे चार्ज देऊन आलो.”

“कशी आहे हो बाई?”

यशवंतराव चप्पल काढता काढता थांबले.

“कामाची हाय,” ते म्हणाले. “पण सुट्ट्या लय मागते.”