लांब हाताच्या इसमाचा कोट

"या गावात सत्य जाणणारी दोनच माणसं आहेत," भावोजी सांगतात. "एक मी. दुसऱ्याचा तपास चालू आहे."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने शिंपी, स्वतःच्या मते गुप्तहेर. दुकानावर दोन पाट्या आहेत. वरची मोठी: 'कोट-पँट शिवून मिळतील'. खालची तिच्याहून मोठी: 'गुप्त तपास केला जाईल'. "नजर गरुडाची, कान हरणाचे, आणि बुद्धी... तिच्यासाठी उपमा अजून सापडलेली नाही," असं ते स्वतःबद्दल बोलतात, तेही गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप गुंडाळलेली असताना. मी काजं-बटणं करतो आणि तपासात साहाय्यक असतो. दोन्ही कामांत मान खाली घालून बसावं लागतं.

खालच्या पाटीवर ताईचा राग होता. पँट आखूड करायला आलेल्या दूधवाल्याला भावोजींनी "मंगळवारी संध्याकाळी कुठे होतास?" असं दरडावून विचारलं, तेव्हा तो पँट तिथेच टाकून गेला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं गावामागच्या टेकडीवर फिरायला निघालो आणि पायथ्याशीच ताईने निकाल सुनावला.

"आजच्या दिवसात एक तरी प्रकरण सोडवून दाखवा. नाही सुटलं, तर संध्याकाळी खालची पाटी उतरवायची."

"मंजूर," भावोजी म्हणाले, आणि लगेच झुडपात शिरले.

वाट तशी सोपी. दोन्ही बाजूंना झाडी, अधूनमधून दगडी पायऱ्या, आणि शेवटी दरीवर पुढे आलेला सपाट खडक, त्याला लोखंडी कठडा. लहान मुलंसुद्धा धावत जातात. आम्हाला वेळ लागला, कारण वाटेत भावोजींना गुन्हे सापडत होते. मोडलेली फांदी म्हणजे झटापट. ओला दगड म्हणजे रक्त धुतल्याची खूण. शेजारच्या झऱ्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. पुढे पिसं पडलेली दिसली, म्हणजे खून. तो कबुतराचा होता, हे मात्र त्यांनीही मान्य केलं.

वर पोहोचलो तर खडकावर कोणीच नव्हतं. कठड्यावर एक तपकिरी कोट टाकलेला होता आणि खाली, अगदी काठाशी, बुटांची जोडी नीट मांडून ठेवलेली होती.

ताई थबकली. "अगं बाई! कोणी उडी तर नाही ना मारली?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खूप खाली झाडांचे शेंडे दिसले. "कोणी आहे का?" मी ओरडलो. दरीने माझाच प्रश्न मला परत केला.

"कोणी कशाला हात लावू नका!" भावोजी गरजले, आणि त्यांनी कोट उचलला.

खिशातून टेप निघाली. "मेव्हण्या, लक्ष दे. डावी बाही उजवीपेक्षा दीड इंच लांब. म्हणजे इसमाचा डावा हात तेवढाच लांब. वर्षानुवर्षं जड पेट्या उचलल्याशिवाय हात असा लोंबत नाही. तिजोरीचोर!"

"भावोजी, कॉलरखाली लेबल असेल. शिंप्याकडून माणसाचं नाव कळेल."

"लेबल वाचून तपास करणं म्हणजे कॉपी करून पास होणं. उजवा खांदा चढलेला, डावा पडलेला, पाठीत फुगवटा. कुबड आहे. आणि बटणं अशी बसलीत की पोट डाव्या कुशीत असलं पाहिजे."

"पोट कुशीत कसं असेल?"

"चोरीचा माल!"

"अहो, इथे कोणाचा जीव गेला असेल आणि तुम्ही बाह्या कसल्या मोजताय?" ताई कळवळून म्हणाली. "चला, खाली जाऊन माणसं बोलावू."

"जीव गेलेला नाही. हा रचलेला देखावा आहे. लांब हाताचा कुबडा तिजोरीचोर मेल्याचं सोंग करून पसार झालाय." भावोजींनी कोट उलटा केला, आतली शिवण निरखली आणि त्यांच्या गरुडनजरेत कणव दाटून आली. "गरीब बिचारा! कुबड कमी होतं म्हणून की काय, असला शिंपी वाट्याला आला. हे कापणं बघ. कात्रीने नव्हे, कुऱ्हाडीने कापलंय. हा शिंपीसुद्धा कटात सामील असणार. त्याला मी अंधारातही ओळखेन."

ताईने कोट त्यांच्या हातातून काढून घेतला आणि कॉलर उलटली. दुकानातली सगळी लेबलं तीच लावते. तिने कॉलर तशीच त्यांच्या नाकासमोर धरली.

लेबल आमचं होतं.

"कोणीतरी आपलं लेबल चोरलंय," भावोजी म्हणाले, पण आवाजातला गरुड गेला होता.

"ओरडू नका हो! छान बसलेलं पाखरू उडवलंत!" खालून आवाज आला. खडकाच्या आडोशाला, वरून न दिसणारा एक रुंद ओटा होता. तिथल्या बाजूच्या पायऱ्यांवरून आधी दुर्बीण वर आली, मग डोकं, शेवटी नुसते मोजे घातलेले पाय. एकूण, शाळेतले चित्रकलेचे मास्तर. पाठ सरळ, हात सारखे.

"अरे वा, टेलरसाहेब! तुम्हालाच गाठायचं होतं. या कोटात हात वर जात नाही हो. दुर्बीण हनुवटीशी येऊन थांबते. म्हणून काढून ठेवतो."

"आणि बूट?" मी विचारलं.

"करकरतात. पाखरं पळतात."

"जीव घेतलात की मास्तर आमचा," असं म्हणत ताई खडकावर बसली, आणि मग पोट धरून हसली.

उतरताना मात्र ती हसत नव्हती. "संध्याकाळी पाटी उतरेल."

"का म्हणून? प्रकरण सुटलं!"

"कोणी सोडवलं?"

"मीच. शिंपी सामील आहे, हे मी लेबल न बघता सांगितलं होतं. मेव्हणा साक्षीला आहे. गुन्हा, कोट बिघडवणे. गुन्हेगार, मी. हा माझा कबुलीजबाब."

ताईने चार पावलं विचार केला. "मान्य. खालची पाटी राहील."

भावोजींनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

"वरची उतरवते. गुन्हा कबूल केलेल्या माणसाच्या हातात मी कात्री देणार नाही."

उरलेल्या वाटेत भावोजींना एकही गुन्हा सापडला नाही.

आता दुकानात कापायचं आणि शिवायचं काम ताईकडे आहे. भावोजी इस्त्री करतात. त्याआधी कपड्यांचे खिसे तपासायची त्यांना मुभा आहे, आणि त्या बाबतीत ते अत्यंत दक्ष आहेत. दूधवाला येऊन पँट घेऊन गेला. मास्तरांचा कोट ताईने पूर्ण उसवून पुन्हा शिवला, तेव्हापासून दुर्बीण डोळ्यांपर्यंत जाते.

लांब हाताचा कुबडा तिजोरीचोर त्यानंतर कोणालाच दिसलेला नाही. भावोजींच्या मते, हीच सर्वांत संशयास्पद गोष्ट आहे.