लेन्सच्या कपाळी गंध

विद्याधर सबनिसांनी पाठवलेला लेकीचा हॉकी खेळतानाचा फोटो कुमुदिनीने दोन बोटांनी ताणून ताणून मोठा केला आणि शेवटी विचारलं, "यात रुचा कुठली?"

"ती काय, गोलमध्ये. पिवळी."

"मला वाटलं, कचऱ्याचा डबा आहे."

कुमुदिनी रुग्णालयात सिस्टर होती. सामने नेमके सुट्टीच्या दिवशी, आणि सुट्टीच्या दिवशी हिची हमखास ड्यूटी. रुचा गोलकीपर झाली त्याला वर्ष होत आलं, तरी आईने तिला मैदानावर एकदाही पाहिलं नव्हतं. "मला एकदा तिला खेळताना बघायचंय हो," असं ती म्हणाली, तेव्हा आवाजात थट्टा नव्हती. म्हणून विद्याधर चिडले नाहीत. ते लांबच्या लेन्सच्या मागे लागले.

बँकेतले सहकारी काशिनाथ अशा बाबतीत सल्ला द्यायला सदैव मोकळे असत. "ती जाडजूड पांढरी घ्या. संध्याकाळच्या उजेडातसुद्धा धावती पोरं स्वच्छ येतात."

"तिच्यासाठी स्कूटर विकावी लागेल."

"मग मैदानावर जाणार कसे?"

"तेच म्हणतोय मी."

अखेर एक जुनी, वापरलेली, पण तीनशे मिलिमीटरची लेन्स परवडली. तिला उजेड भरपूर लागायचा. पण सामने सकाळचे, आणि चेन्नईत बाकी कशाची टंचाई असेल, उन्हाची नाही. एवढा हिशोब जमल्यावर विद्याधरांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

लेन्स घरी आली ती खंडेनवमीला. वेलचेरीतल्या त्यांच्या शेजारीण गोदाबाई पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या मराठी. त्यांनी स्कूटरच्या चाव्या, कात्री, मिक्सर, सगळं पूजेत मांडलं होतं.

"हें कसलें आयुध रे, विद्याधरा?"

"लेन्स, मावशी. लांबचं जवळ दिसतं."

"मग दृष्टीस जपायला पाहिजे की! ठेव हिकडे. अस्के, सगळे आयुधांबरोबर राहूंदे रात्रभर."

पूजेतलं आयुध दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं, त्यामुळे लेन्स वापरून बघायचं राहिलं. दसऱ्याला सकाळी मावशींनी ती झाकण लावून, फूल वाहून परत दिली. कुमुदिनी त्याआधीच ड्यूटीवर गेली होती.

मैदानावर पोहोचेपर्यंत सामना सुरू झाला होता. रुचा डावीकडच्या गोलमध्ये उभी होती. विद्याधरांनी तिच्यावरची नजर न काढता झाकण काढलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. सगळं मैदान दुधात बुडालेलं. त्यांनी लेन्सचं पुढचं कडं फिरवलं, मागचं फिरवलं, चष्मा काढला, परत घातला. दूध काही ओसरेना. हाफ टाइमपर्यंत त्यांनी दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

मग लेन्स उलटी करून पाहिली, तर काचेच्या बरोबर मध्यभागी चंदनाचा बोटभर टिळा, त्यावर कुंकू आणि चिकटलेली एक अक्षता. मावशींनी आयुधाच्या कपाळालाच गंध लावलं होतं!

रुमालाने पुसलं, तर काच गुलाबी झाली. वाफ दिली, चष्म्याच्या फडक्याने घासलं, पुन्हा वाफ दिली. मान वर केली, तेव्हा खेळ कधीच पुन्हा सुरू झाला होता.

आता मात्र काय दिसत होतं! डावीकडच्या गोलमध्ये हेल्मेट घातलेली कीपर झेप घेत होती, पायाच्या पॅडने चेंडू उडवत होती, आडवी पडून उठत होती. "शाब्बास रुचा!" ओरडत विद्याधर सटासट फोटो काढत होते. दर शाबासकीला उजवीकडची कीपर वळून का बघते, हे काही त्यांना कळेना. दोघींचे पॅड, हेल्मेट, पिवळे शर्ट आयोजकांनीच दिलेले, अगदी एकसारखे.

शिट्टी वाजली. कीपरने हेल्मेट काढलं. लेन्समधून एक अनोळखी मुलगी गोड हसली.

तेवढ्यात पाठीमागून रुचा तणतणत आली. "बाबा! हाफ टाइमनंतर साइड बदलतात, तेरियादा? माहीत नाही?"

विद्याधरांना चांगलंच तेरियुम होतं. पण चंदनाच्या नादात मैदानाची अदलाबदल झालेलीच त्यांनी पाहिली नव्हती. आता कुमुदिनीला काय तोंड दाखवायचं?

"सार," त्या अनोळखी मुलीची आई, वाणी, बिचकत पुढे आली. "आमच्या श्रीलक्ष्मीचे फोटो काढलेत का?"

त्यांनी कॅमेरा पुढे केला. एकेक फोटो बघताना वाणीचे डोळे भरून आले. "हिचे अप्पा श्रीपेरुंबुदूरला कार कारखान्यात आहेत. शिफ्टमुळे एकही मॅच बघायला मिळालेली नाही त्यांना. फार उपकार झाले, सार."

विद्याधरांना आधी लाज वाटली आणि मग एकदम बरं वाटलं. "अम्मा, चूक झाली म्हणून घडलं हे."

"माझीही झाली! मी पहिल्यांदाच आले. हाफ टाइमनंतर जाळीमागे उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला. गोल म्हणजे आपापलं घर ना? मध्येच घर कोण बदलतं? माझ्याकडे सगळी तुमचीच मुलगी आहे."

दोघंही हसत सुटले. तिथेच फोटो तिकडे गेले, व्हिडिओ इकडे आला.

संध्याकाळी कुमुदिनी घरी आल्यावर विद्याधरांनी सगळं सांगून टाकलं आणि अपराधी चेहऱ्याने फोन दिला. "चेहरा नाही दिसत गं. नुसती पाठ आहे."

कुमुदिनी बघत राहिली. पिवळी पाठ डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. मग समोरून सणसणीत चेंडू आला, थेट छातीवर आदळला, आणि घरी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तमिळमध्ये उत्तर देणारी त्यांची लेक अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई गं!" चेंडू बाहेर गेला. धक्क्याने पडलेली ती उठून उभी राहिली.

"लागलं नाही हं मला," रुचा ओशाळून म्हणाली. "ते आपोआप येतं तोंडात. प्रत्येक मॅचला."

"प्रत्येक मॅचला?" कुमुदिनीने पदराने डोळे टिपले. "म्हणजे मी होते की तिथे. अहो, परत लावा ना."