अनुक्रमांक त्रेचाळीस: समुद्र (वेळ उरल्यास)

धुळ्यातल्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत रजा घेऊन कुठे जायचं, हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार कर्मचाऱ्याला होता. तिथे गेल्यावर काय पाहायचं आणि काय खायचं, हे मात्र समिती ठरवत असे.

समिती उगाच स्थापन झालेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी नवलभाऊ कोकणातल्या किनाऱ्यावरच्या एका शहरात चार दिवस राहून आले आणि घावणे न खाताच आले. "घावणे नाही खाल्ले? मग गेलात कशाला?" असं त्यांना एकाच दिवसात अकरा जणांनी विचारलं. नवलभाऊ इतके खचले की पुढच्या रजेत ते एकटेच परत गेले, उभ्या उभ्या दोन घावणे खाल्ले आणि त्याच एसटीने परतले. मनुष्यबळाची अशी हानी पुन्हा होऊ नये म्हणून 'पर्यटन व आहार शिफारस समिती' अस्तित्वात आली. अध्यक्षपद प्रेमराजनानांकडे गेलं, कारण रजेच्या फायलीही त्यांच्याच टेबलावरून पुढे सरकत.

वृषाली त्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं रसायनतज्ज्ञ होती. कमी बोलायची आणि 'अंदाजे' हा शब्द सहसा वापरायची नाही. तिने त्याच शहरासाठी दोन दिवसांची रजा मागितली. कारण साधं होतं. तिची आई लिलाबाई एकोणसत्तर वर्षांची. सगळं आयुष्य पिंपळनेरच्या बाजूला गेलेलं. पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं.

"माले समुद्रमा पाय बुडाडना शेतस," लिलाबाई म्हणाली होती. "मंग डॉक्टरले काय कापनं ते कापू दे."

वृषालीने अर्जात कारण लिहिलं, 'आईस समुद्र दाखविणे'. प्रेमराजनानांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि यादी काढली.

यादीत त्रेचाळीस नोंदी होत्या. प्रत्येकीपुढे श्रेणी होती: 'अनिवार्य', 'अत्यावश्यक' आणि 'न खाल्ल्यास लाज'. समितीतल्या पाचांपैकी एकानेही ते शहर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे यादीत वैयक्तिक आवडीनिवडीचा दोष शिरलेला नव्हता. त्रेचाळिसाव्या नोंदीपुढे लिहिलं होतं, 'समुद्र (वेळ उरल्यास)'.

"नाना, आम्ही समुद्रासाठीच जातोय."

"ताई, समुद्र कुठे पळून जातो का? सोलकढी साडेबाराला संपते."

"तुम्ही कधी गेला होतात?"

"मी? मला घाटात मळमळतं. पण माहिती पक्की आहे. जामनेरच्या मेव्हण्याकडून आली आहे, त्याला नरडाण्याच्या एका माणसाने पाठवली."

मग नानांनी नियम समजावून सांगितले. पहिल्या बेचाळीस नोंदींचा प्रत्येकी एक फोटो ग्रुपवर टाकायचा. फोटोत पदार्थ किंवा स्थळ, त्याची पाटी आणि पर्यटकाचा समाधानी चेहरा, तिन्ही दिसले पाहिजेत. छाननी समितीतला तेजस करेल. पूर्तता झाली की दाखला मिळेल आणि दाखला असेल तरच पुढची रजा विचारात घेतली जाईल.

"पुढची रजा आईच्या ऑपरेशनची आहे, नाना. बारा दिवसांची."

"म्हणून तर आधीच सांगतोय. आपल्याच माणसाची अडचण व्हायला नको."

वृषालीने हिशेब केला. दोन दिवस, रोजचे अकरा तास, बेचाळीस नोंदी. प्रत्येकीला एकतीस मिनिटं सव्वीस सेकंद. त्यात रांगा धरलेल्या नव्हत्या. आईचे गुडघेही नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता दोघी घावण्यांच्या रांगेत होत्या. पुढे एकोणतीस माणसं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर यादी. शेजारच्याच हॉटेलात चार टेबलं रिकामी होती आणि मालक माश्या वारत बसला होता. तिथेही घावणेच होते, पण ते यादीत नव्हते.

आठ दहाला घावणे झाले. आठ पंचेचाळीसला मंदिर, नऊ पंचवीसला वस्तुसंग्रहालय. तिथे पाहण्यासारखं काय होतं, हे त्यांना कळलं नाही, पण पाटी स्पष्ट आली. दुपारी सुरमईच्या थाळीचा फोटो टाकला आणि तेजसचा शेरा आला: 'चेहरा समाधानी नाही. पुन्हा खावे.'

"आई, जरा हस ना."

"काटा अडकना, तर काय हसू?"

दुसरी थाळी मागवली. लिलाबाई हसली. फोटो मंजूर झाला. त्या हसण्यावरून वृषालीला शाळेतल्या हाडांच्या सापळ्याची आठवण झाली, पण तेजसने शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं.

संध्याकाळी किल्ला होता. बुरुजावर फोटो काढण्याची जागा चुन्याने आखलेली होती आणि पाठ समुद्राकडे करायची होती, म्हणजे समुद्र मागे येतो. लिलाबाईने मान वळवली.

"आई, इकडे बघ. मोबाइलकडे."

"मांगे काय शे?"

"समुद्र. नंतर बघू. मागे माणसं थांबलीत."

माणसं खरंच थांबली होती. फोटोत दोघींच्या कानांमागे तीन बोटं रुंद निळी पट्टी आली. वृषालीने ती मोठी करून पाहिली, तर नुसते चौकोन दिसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत एकेचाळीस नोंदी झाल्या. लिलाबाईच्या गुडघ्यांना सूज होती आणि पोटात पाच प्रकारचे मोदक होते. परतीची गाडी सहाला. राहिली होती एकच नोंद, अनुक्रमांक सतरा, श्रेणी 'न खाल्ल्यास लाज': लोटनभाऊंच्या खानावळीतली अस्सल खानदेशी शेवभाजी.

खानावळीबाहेर चाळीस माणसं होती. धुळे, शिरपूर, चोपडा, सगळे आपलेच. पुढे उभ्या असलेल्या जामनेरच्या भूषणने मागे वळून विचारलं, "ताई, तुमच्या यादीत शेवभाजी कितवी?"

"सतरावी."

"आमच्यात सोळावी. म्हणजे आमची यादी जुनी दिसते," तो चिंतेने म्हणाला.

"अवं पोरी," लिलाबाई म्हणाली, "आपन शेवभाजी खावाले इतला दूर उनूत का?"

वृषालीने रांगेत एक पाऊल पुढे टाकलं. खानावळीचे मालक लोटनभाऊ गल्ल्यामागे बसून मासे-भात खात होते. ते मूळचे नरडाण्याचे, अकरा वर्षं इथे होते.

"भाऊ," लिलाबाईने त्यांना विचारलं, "समुद्र कथा शे?"

"हाऊ काय, अक्का. गल्लीना टोकले. दोनशे पावलं."

"तुम्ही रोज जातस?"

"रोज. गिऱ्हाईकमधलं कोणी भेटत नही तठे. शांत शे."

वृषालीने घड्याळ पाहिलं. चार पंचवीस. पुढे एकोणचाळीस माणसं. रांग सोडली तर नंबर जातो. नंबर गेला तर बेचाळीस होत नाहीत, दाखला नाही, बारा दिवस नाहीत. ऑपरेशन थिएटरबाहेर कोण बसेल? तिने आईला पायरीवर बसवलं, रिकामी पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हणाली, "इथेच थांब. ही भर लोटनभाऊंकडून. एवढं एक झालं की आपण दोघी जाऊ."

पाच पाचला शेवभाजी समोर आली. वृषालीने चव घेतली. आजूबाजूच्या चारही टेबलांवर एकमत झालं होतं की आपल्याकडच्यासारखी नाही. तिने समाधानी चेहरा केला, फोटो टाकला आणि पाठोपाठ तेजसचा शेरा आला: 'मंजूर. पूर्तता शंभर टक्के. अभिनंदन मॅडम!' ग्रुपवर एकोणीस अंगठे उमटले.

ती बाहेर आली तर पायरी रिकामी होती.

लिलाबाई गल्लीच्या टोकाकडून येत होती. हळूहळू, भिंतीला हात लावत. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला, पायांना वाळू. हातात भरलेली बाटली.

"आई! एकटी गेलीस?"

"जाई उनू. दोन्ही पाय बुडाडात." लिलाबाईचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदाच कोणी न सांगता हसला होता. "पानी खारंच शे. चाखी देखं. ते तरी खरं निंघनं. हाई ले, तुनाकरता लई उनू."

वृषालीने मोबाइल काढला, पण तेवढ्यात लिलाबाईचा चेहरा नेहमीचा झाला. मग तिने गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. एक टेम्पो आडवा उभा होता. पाच बावीस. स्टँड वीस मिनिटांवर, आई चालणार तर पस्तीस.

"तू देखशी ना?" आईने विचारलं.

"पुढच्या वेळी," वृषाली म्हणाली.

सोमवारी दाखला मिळाला. मंगळवारी बारा दिवसांची रजा मंजूर झाली. बुधवारी सगळे जेवायला गेले असताना वृषालीने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. पाणी स्वच्छ दिसत होतं. तळाशी चिमूटभर वाळू. आपल्या वाट्याला आलेला समुद्र तो एवढाच, अर्धा लिटर. दुसरी कुठली पद्धत येत नसल्याने तिने तो तपासला.

पण त्या प्रयोगशाळेत नोंदीशिवाय नमुना तपासता येत नसे. स्रोताच्या रकान्यात विहीर, बोअर, नळ असे पर्याय होते. तिने 'इतर' लिहिलं आणि पुढे कंसात 'समुद्र'. विरघळलेले क्षार लिटरला चौतीस हजार सहाशे मिलिग्रॅम, मर्यादा दोन हजार. क्लोराइड, कठीणपणा, सगळंच मर्यादेच्या कैक पट. अहवालाच्या शेवटी संगणकाने स्वतःहून छापलं, 'नमुना पिण्यास अयोग्य', आणि अहवाल नियमाप्रमाणे सहीसाठी प्रेमराजनानांकडे गेला.

नानांनी तातडीची सभा बोलावली.

"वृषालीताई, तुमच्यामुळे मोठा अनर्थ टळला," ते गंभीरपणे म्हणाले. "इतके दिवस आपण हे यादीत ठेवलं होतं. कोणाचं बरंवाईट झालं असतं तर?"

"नाना, समुद्र कोणी प्यायला जात नाही. बघायला जातात."

"तुम्ही बघितलात?"

वृषालीने नकारार्थी मान हलवली. ती खोटं बोलत नसे.

"तेच तर," नाना म्हणाले. "शंभर टक्के पूर्तता करून आलेल्या आमच्या तज्ज्ञ मॅडमनी बघितला नाही, आणि त्यांचं काही अडलं नाही. ठराव मांडतो."

ठराव एकमताने झाला. अनुक्रमांक त्रेचाळीस वगळण्यात आला. वृषालीनेही हात वर केला, कारण ऑपरेशनची रजा अजून रद्द होऊ शकत होती. घरी लिलाबाई ते लुगडं धुवायला देत नव्हती. काठावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती.

बेचाळीस नोंदींची सुधारित यादी त्याच दुपारी ग्रुपवर गेली, तिथून जामनेरला, नरडाण्याला आणि पुढे. ती तुमच्याकडेही आलेली आहे. वर 'अनेक वेळा फॉरवर्ड' अशी खूण आहे आणि खाली तुम्ही लिहिलं आहे, 'खूप उपयुक्त माहिती, मे महिन्यासाठी सेव्ह केली.' मग तुम्ही ती चार जणांना पाठवलीत. त्यात समुद्र नाही, हे अजून कोणाच्याच लक्षात आलेलं नाही.