ग्रामसभेचा टीसी

आमच्या ग्रामसभेला मोबाइलवरून यायचं, तर आधी घरी काय भाजी केली ते सांगावं लागे. हा नियम कुठल्याच कायद्यात नाही. तो वानखडेकाकांचा.

काका रेल्वेत टीसी होते. बडनेऱ्याहून निवृत्त होऊन गावी आले, पण टीसीपणा निवृत्त झाला नाही. लोकांच्या लग्नातही ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहून विचारत, "तुमी कोणाकडून?"

मी इथला ग्रामसेवक. करोनाच्या काळात पहिली ऑनलाइन ग्रामसभा मीच भरवली. लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली आणि ती कुठून कुठे गेली देव जाणे. सरपंचताई पाण्यावर बोलू लागल्या, तोच 'राजा' नावाचा कोणी अनोळखी आत शिरला आणि घाणेरडी चित्रं दाखवू लागला. बायांनी फोन पालथे घातले. मला तर सभा बंद कशी करायची तेही सुचेना.

दुसऱ्या दिवशी उपसरपंच म्हणाले, "यापुढं फक्त मेंबरांची सभा घ्या. लोकं पायजेत कायले?"

काका पंचायतीच्या पायरीवर पेपर वाचत होते. तिथूनच गरजले, "काऊन? एक फुकट्या चढला म्हणून गाडीच रद्द करता का? दारावर मले बसवा."

बसवलं. सभेत यायचं त्यानं आधी काकांना फोन करायचा. तोवर त्याचं नाव 'वेटिंग'मध्ये. "नाव? कोणाची सून? भाजी काय केली आज?" पटलं की काका ओरडत, "कन्फर्म!" आणि माणूस आत.

एकदा पंचायत समितीचे साहेब मुलीच्या मोबाइलवरून आले. नाव दिसत होतं 'छोटी परी'. काकांनी त्यांना वीस मिनिटं ताटकळत ठेवलं.

"अहो, मी गटविकास अधिकारी बोलतोय!"

"असान. भाजी सांगा."

शेवटी साहेबांनी दोडक्याची कबुली दिली.

पण काका नुसते विक्षिप्त नव्हते. मागच्या वस्तीचा नळ महिनाभर कोरडा होता. तिथली शांताबाई सभेत बोलणार, हे कळताच उपसरपंचांनी काकांना फोन केला, "तिले वेटिंगवरच राहू द्या."

"तिच्यापाशी तिकीट हाय," काका म्हणाले. "या गावची हाय ते. याहून दुसरं कोणतं तिकीट लागते?"

शांताबाई आत आली आणि सगळ्या गावादेखत बोलली. आठवड्यात वस्तीला पाणी आलं.

पुढे एका सभेच्या आधी मी मागच्या हजेरीवर सही घ्यायला काकांकडे गेलो. खाटेवर त्यांच्या पत्नी विमलकाकू पडलेल्या. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. आता डोळ्यांना दिसत नाही, पायांनी चालवत नाही. काकांचा फोन त्यांच्या उशाशी, स्पीकर चालू. पलीकडून कोणी वांग्याच्या भाजीचं सांगत होतं. काकांनी विचारलं, "कोण व्हय?"

"रंजना," काकू म्हणाल्या. "लहानपणापासून नाकात बोलते."

"कन्फर्म!"

मी बघत राहिलो. काका ओशाळले. "दोन शब्द बोलल्याबिगर तिले आवाज वळखू येत नाही, साहेब. म्हणून भाजी. अन् तेवढंच गाव भेटते तिले."

पुढे सभा पुन्हा समाजमंदिरात भरू लागल्या. तेव्हा कधी कोणाची मिनतवारी न करणारे काका माझ्याकडे आले. "मोबाइलवरूनही येऊ द्या ना लोकायले. ज्यायले घराबाहेर पडता येत नाही, त्यायनं काय करावं?"

मी सरपंचताईंशी बोललो. त्या लगेच हो म्हणाल्या.

पुढच्याच सभेत अंगणवाडीच्या नव्या खोलीचा विषय निघाला. सगळे एकदम बोलत होते. तेवढ्यात स्पीकरमधून बारीक आवाज आला, "मी विमल वानखडे. खोलीचं दार रस्त्याकडून काढू नका. सुटी झाली का लेकरं पाह्यत नाहीत, पळत सुटतात. मांगून काढा."

सगळे स्पीकरकडे वळले. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी पहिली अक्षरं काकूंपाशीच गिरवली होती. दार मागून काढायचं ठरलं. उपसरपंचांनीही हात वर केला.

"साहेब," काकूंनी विचारलं, "माह्यं नाव हजेरीत लिवलं ना?"

"लिहिलं, काकू."

फोनचा आवाज बंद करायचं काका विसरले असावेत, कारण सगळ्या सभेला ऐकू आलं.

"विमल, रडून काऊन राहिली? लिवलं म्हणते ना तो. थांब, डोळे पुसू दे."