पडायला जागा

आमच्या खालच्या मजल्यावरचे शृंगारे काका दुसऱ्यांच्या बाथरूममध्ये जाऊन आडवे होतात. झोपायला नव्हे. दार लावून घ्यायचं, फरशीवर उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि घरातल्या एकेकाला हळू आवाजात नावाने हाक मारायची, असा त्यांचा कार्यक्रम असतो. आपण स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहायचं आणि ऐकू आलं तर ओ द्यायची. याचे ते काही घेत नाहीत. शर्ट पाठीवर ओला होतो, तोही स्वतःच्याच घरी जाऊन वाळवतात.

काका वेडे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सोसायटीत या विषयावर दोन तट आहेत. त्यांचं सगळं आयुष्य विम्याच्या कचेरीत अपघाताचे दावे तपासण्यात गेलं. कोण कुठे घसरला, कशावर आपटला, हे वाचून वाचून त्यांची नजरच तशी झालीय. आपण हौसेने नव्या टाइल्स दाखवाव्यात, तर ते एका जागी बोट ठेवून म्हणतात, "छान. इथे तुमचं डोकं येईल." रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगावं, तितक्याच सहज.

भाईंदरला घर घेताना माणसं हॉल बघतात, बाल्कनी बघतात, स्टेशन किती लांब ते विचारतात. बाथरूमचं दार नुसतं उघडून बंद करतात. आमची बिल्डिंग नाल्याच्या कडेने वळत गेलीय. बिल्डरने बाकीच्या खोल्या सरळ काढल्या आणि उरलेला सगळा तिरकेपणा बाथरूममध्ये ढकलला. त्यामुळे आमचं बाथरूम शंकरपाळ्यासारखं झालंय. दार आत उघडतं आणि कमोडला आपटतं. आत गेल्यावर दार लावायचं तर भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यावं लागतं. इतकी वर्षं आम्ही ते घेत आलो. पण संगमेश्वरजवळच्या गावाहून आईला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आणायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की आई आणि तिचा वॉकर, दोघं मिळून काही आत मावणार नाहीत. ऑपरेशननंतर आई घरात पडली तर सगळंच संपलं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काकांना बोलव," वैशाली म्हणाली. आमची ही काकांच्या तटातली.

रविवारी सकाळी काका आले. उंच, हडकुळे, हातात टेप आणि मिस्त्री वापरतात तसली जाड निळी पेन्सिल.

"आईंची उंची?"

"माझ्या खांद्याला लागते."

त्यांनी माझ्या खांद्यापर्यंत टेप धरली आणि बाथरूममध्ये बसकण मारून फरशीवर चक्क एक माणूस काढला. डोकं, खांदे, एक हात लांब गेलेला, एक गुडघा दुमडलेला. काढून झाल्यावर जरा मागे सरून बघितलं आणि डोक्यामागे छोटासा अंबाडाही काढला.

"उभं राहायला सगळेच जागा ठेवतात, सुहासराव," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पडायला ठेवलीय का? आता बघा. आई पडल्या. पाय आले दाराला. दार आत उघडतं. तुम्ही घाबरून बाहेरून ढकलणार. म्हणजे कुणाला ढकलणार?"

आई त्या वेळी गावाला अंगणात कोकमं वाळत घालत होती. फोनवर तसं म्हणालीही. आणि इथे ती आमच्या बाथरूममध्ये निळी होऊन पडली होती.

ती पेन्सिल कशानेच जाईना. माझी मुलगी इरा दारातच उभी राहून अंगावर पाणी घ्यायची. मी पाय बाजूला ठेवून अंघोळ करायचो, पण साबणाचं पाणी त्या निळ्या तोंडावरून वाहत जाळीकडे निघालं की अंघोळ तिथेच आवरती घ्यायचो. काम करायला आलेल्या मिस्त्रीने एकदा आत डोकावून मला बाजूला घेतलं. "साहब, ये अंकल मुर्दे का नाप काहे ले रहे हैं?"

काम मात्र काकांनी चोख करून घेतलं. दार बाहेर उघडावं तर पॅसेजमध्ये फ्रिज आडवा येत होता, म्हणून सरकतं दार बसवलं. त्याला बाहेरूनही उघडेल अशी कडी लावली. कमोड तिरप्या भिंतीकडे वळवला, बसल्या जागी हाताला लागेल असा दांडा ठोकला, आणि दाराच्या अगदी तळाशी जाळी बसवली. "हवेला?" मी विचारलं. "आवाजाला," काका म्हणाले.

मग परीक्षा झाली. मी आणि वैशाली ओट्यापाशी उभे राहिलो. काका आत गेले, दार सरकलं. आणि आवाज आला.

"सुहास…"

एरवी सुहासराव म्हणणारा माणूस. पण त्या क्षणी तो आवाज काकांचा वाटलाच नाही. बाथरूममधून आला असंही वाटलं नाही. सिंकच्या खालून, फरशीच्या आतून, कुठून तरी खोलातून, मला फार जवळून ओळखणारं कोणीतरी बोलावत होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आम्ही कोकणातली माणसं. लहानपणापासून शिकवलेलं, की ओळखीची हाक आली तरी तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. पहिल्या दोन हाका कुणाच्या असतील सांगता येत नाही. मी ओटा घट्ट धरून गप्प राहिलो. तिसऱ्या हाकेला ओ दिली.

काका बाहेर आले ते रागावलेले. त्यांना तसं मी एकदाच पाहिलंय.

"पहिली ऐकू आली होती?"

"आली होती."

"मग?"

मी कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पडलेल्या माणसाला तिसरी हाक मारता येईलच असं नाही," ते म्हणाले.

"आणि काका, राव का नाही म्हणालात?" वैशालीने विचारलं.

"पडलेला माणूस राव लावत नाही."

समोरच्या रमीलाबेनकडे हाच प्रयोग झाला तेव्हा त्या जपमाळ घेऊन जिन्यात येऊन बसल्या होत्या. "ए तो भूतनी जेम बोलावे छे," भुतासारखं बोलावतात, असं त्या अजून सांगतात. त्यांना आवाजापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली होती. हाक त्यांच्या माहेरच्या नावाने आली होती. काकांना सगळ्या बिल्डिंगची नावं पाठ. आम्ही एकमेकांना फ्लॅटच्या नंबरावरून ओळखतो. काकांना मात्र वॉचमनच्या बायकोचं नाव माहीत, परवा जन्मलेल्या बाळाचंही माहीत.

ऑपरेशन नीट झालं आणि आई घरी आली. वॉकर टेकत पहिल्यांदा बाथरूममध्ये गेली आणि थबकली. नव्या टाइल्स फक्त भिंतींना लावल्या होत्या, फरशी जुनीच होती.

"हे कोण निजलंय इथे?"

मी चाचरत खरं काय ते सांगितलं. आईने वाकून नीट बघितलं.

"अंबाडा बरोबर काढलान हो," ती म्हणाली. "एकटा असतो का तो?"

दुसऱ्या दिवशी तिने वैशालीला सांगून घावन करून घेतले आणि ताटली घेऊन मला खाली पाठवलं. इतक्या वर्षांत मी काकांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. सोसायटीतलं कोणीच टाकलं नसावं. काकी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. घर लख्ख आवरलेलं. आणि त्या शांततेत आमच्याच घरातली माणसं बोलत होती. आई वैशालीला नारळाचं काहीतरी सांगत होती, जणू पलीकडच्या खोलीत बसून. आवाज बाथरूममधून येत होता. खिडकी पाइपांच्या डक्टमध्ये उघडते, आणि डक्ट सगळ्या मजल्यांचा एकच.

मी सहज आत डोकावलो. तेच शंकरपाळं. तेच आत उघडणारं दार. आणि फरशीवर निळी आकृती. उंच, हडकुळी, पाय दाराला लागलेले.

"मी असाच पडलो होतो," मागून काका म्हणाले. "रविवार होता. सकाळी पडलो. पाय दारात, कंबर उचलेना. मान वर केली की खिडकी. सगळी बिल्डिंग ऐकू येत होती हो. कुणाचा मिक्सर, कुणाचं भांडण. तुमची इरा पाढे म्हणत होती. सतराच्या पाढ्यात अडते ती."

"मग हाक नाही मारलीत?"

"कुणाला मारणार? नाव लागतं ना त्याला. मला एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. अहो, अहो म्हणत राहिलो. अहो म्हटल्यावर प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला बोलावतायत." "संध्याकाळी सरकत सरकत निघालो बाहेर. चहा केला."

मी विचारलं, "काका, सगळ्यांची दारं बदललीत. स्वतःचं का नाही?"

"बदलून काय? परीक्षा झाल्याशिवाय मी काम पुरं धरत नाही. आत पडणारा मी." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तिथे उभं कोण राहणार?"

मी ताटली ओट्यावर ठेवली. "मी राहतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले, दार लावलं. मी ओट्यापाशी उभा राहिलो. वर आईचा वॉकर टक टक करत चालला होता. मग खालून, अगदी खालून, आवाज आला.

"सुहास…"

"ओ, काका."

बराच वेळ काही हालचाल नाही. मी दारापर्यंत गेलो, तेवढ्यात कडी निघाली. त्यांचा शर्ट पाठीवर ओला झाला होता.

"ऐकू आलं?"

"आलं."

"स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट. उद्या मिस्त्रीला पाठवतो, दार बदलून घेऊ."

"हो, हो, दार बदलू," ते म्हणाले. "पण आत्ता वर कुणाचा मिक्सर चालू नव्हता. अशी परीक्षा धरता येत नाही. एकदा परत बघू."

आणि मी हो म्हणायची वाट न बघता ते पुन्हा आत गेले.