अंगठ्यातला भोंगा

एका जंगलात, बाळांनो, एक ऋषी तपाला बसले होते. पण ही गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची आहे. त्या अंगठ्यात पेशींचं एक गाव होतं.

गावाच्या वेशीवर रणधुमाळराव नावाची पहारेकरी पेशी बसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला चाचपायचं आणि जंतू सापडला की भोंगा वाजवायचा, हे त्यांचं काम. भोंगा ऐकून पांढऱ्या पेशींची फौज धावत येई.

गावाची एक जुनी रीत होती. भोंग्याचा पहिला सूर निघाला, की त्याच क्षणी गोदूमावशी नावाची म्हातारी पेशी भोंग्यात कोंबायचा बोळा वळायला घेई. जंतू मरेपर्यंत बोळा तयार. मावशी तो कोंबत, भोंगा गप्प होई, फौज घरी जाई.

एकदा रणधुमाळरावांचं डोकं फिरलं.

"मावशी, मी लढाई सुरू करतो आणि तुम्ही त्याच क्षणी ती संपवायच्या तयारीला लागता? हा तर गावद्रोह!"

"अहो, सुरू केलेलं संपवायला नको का?"

"घाबरट कुठल्या!"

सभा भरली. टाळ्या वाजल्या. बोळ्यांवर बंदी आली.

दुसऱ्याच दिवशी ऋषींना बाभळीचा काटा टोचला. काट्यावरून अकरा जंतू उतरले. भोंगा वाजला, फौज आली, अकराच्या अकरा खलास!

भोंगा मात्र वाजतच राहिला. फौजेला वाटलं, अजून कुणीतरी असणार. तिने आसपासच्या भिंती फोडल्या. रणधुमाळरावांनी भिंतींचा चुरा चाचपला आणि ते ओरडले, "हा नक्की शत्रूचाच!" भोंगा आणखी जोरात. नवी फौज आली. तीही भिंती फोडू लागली. सगळे एकमेकांना शाबासकी देत होते. अंगठा भरताच्या वांग्याएवढा झाला.

ऋषी तप सोडून लंगडत वैद्यांकडे गेले.

"सूज वर चढली तर जिवावर बेतेल," वैद्य म्हणाले. "दुपारपर्यंत उतरली नाही, तर अंगठा कापू. तोवर हा लेप." आणि ते सुरीला धार लावू लागले.

ती खरखर गावात ऐकू आली. गोदूमावशींनी बंदी मोडली. भराभर बोळा वळला आणि वेस गाठली.

"खबरदार! ऐन युद्धात?"

"युद्ध कुणाशी चाललंय, रणधुमाळराव? एक जंतू दाखवा, मी परत जाते."

रणधुमाळरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तेवढ्यात मावशींनी बोळा कोंबला. भोंगा फुस्स! फौज पांगली. दुपारी अंगठा लिंबाएवढा झाला. सुरी म्यानात गेली.

"पाहिलात माझा लेप?" वैद्य म्हणाले.

गावात रणधुमाळरावांचा सत्कार झाला, न थकता भोंगा वाजवल्याबद्दल. गोदूमावशींना बंदी मोडल्याबद्दल टाचेत धाडलं.

तात्पर्य: संकट आलं की भरपूर आरडाओरडा करावा आणि शत्रू मेला तरी थांबू नये. पडझड जितकी मोठी, तितका हार जाड. तरीही एखाद्याला 'आता पुरे' म्हणायची फारच हौस असेल, तर त्याने खुशाल म्हणावं. टाचेत अजून बरीच जागा आहे.