जहाजावरची पहिली पंगत

फोन आला तेव्हा हिलालराव गच्चीवर कुरडया राखत बसले होते. शाळेला सुट्टी होती, कावळे फार झाले होते आणि हायस्कूलच्या हेडक्लार्कला घरात एवढंच काम विश्वासाने देता येतं असं त्यांच्या पत्नीचं, निर्मलाबाईंचं, मत होतं. फोनवर ट्रॅव्हल कंपनीची मुलगी होती. क्रूझचं सगळं बुकिंग झालंय, काका, ती म्हणाली, फक्त एक गोष्ट तुमच्या जावईसाहेबांनी तुम्हाला विचारायला सांगितली आहे. जहाजावरचा जेवणाचा हॉल सगळ्यांना एकदम पुरत नाही. म्हणून रात्रीचं जेवण दोनदा मांडतात, एकदा दिवेलागणीला आणि एकदा उशिरा. तुमच्यासाठी पहिलं सीटिंग ठेवू की दुसरं?

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ठेव बाई कोणतंही, जेवायला मिळाल्याशी कारण. हिलालरावांच्या हातातली काठी मात्र कुरडयांवर पडली.

"म्हंजे जहाजवर बी पंगतीज शेतस का?" त्यांनी विचारलं.

पोरीला अहिराणी कळली नाही. तिने हसून सांगितलं की विचार करा, मी उद्या फोन करते.

पंगत हा शब्द त्या घरात गेले चार महिने कोणी मोठ्याने काढत नव्हतं. त्याला कारण त्यांच्या लेकीचं, रुचिकाचं, लग्न. लग्न हिलालरावांच्या गावी, प्रकाशालाच झालं, थाटात झालं. व्याही पितांबरशेठ म्हणजे नंदुरबारातले मिरचीचे मोठे व्यापारी. मुलाकडच्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं, मुलीच्या बापाने हात जोडून ताटाताटाशी आग्रह करत फिरायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही रीत हिलालरावांना पाठ होती. पण ऐन वेळी बॅण्डवाले रुसले, हिलालराव त्यांची समजूत काढायला मांडवाबाहेर गेले आणि तेवढ्यात गावातल्या भाऊबंदांनी पहिली पंगत धरली. पितांबरशेठ बसले दुसरीत. तोवर बट्ट्या गार झाल्या होत्या. (गरम बट्टी वरणात चुरून तुपाबरोबर खावी, स्वर्ग आहे. गार बट्टीने भिंतीत खुंटी ठोकता येते.) पितांबरशेठच्या ताटात बट्टी पडली तेव्हा 'ठक्क' असा आवाज झाला. त्यांनी एक घास घेतला, तोंडावर रुमाल धरला, "झायं आमनं" म्हणाले आणि पाटावरून उठले.

त्या दिवसापासून पितांबरशेठ प्रकाशाला फिरकले नव्हते. संक्रांतीला बोलावलं, तर मिरचीची आवक फार. होळीला बोलावलं, तर मिरचीची आवक कमी. आता अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. लग्नानंतरची पहिली अखाजी! आमच्याकडे लेकी दिवाळीला आल्या नाहीत तरी एकवेळ चालतं, पण अखाजीला माहेरच्या झाडाला झोका बांधलेला असतो आणि तो रिकामा हलताना कोणत्याही आईला बघवत नाही. निर्मलाबाईंनी तर निंबाला दोर आत्ताच बांधून ठेवला होता. रुचिकाला आणायला मुराळी धाडू का, असं हिलालरावांनी फोनवर भीत भीत विचारलं, तेव्हा पलीकडून एकच शब्द आला होता. "पाहूत."

या 'पाहूत'ने हिलालरावांची झोप उडवली होती. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, नुसतं पाहायचं. काय पाहायचं?

जावई कुंदन गुणी मुलगा. दोन्ही घरं लग्नानंतर एकदाही एका ठिकाणी बसली नाहीत हे त्याला खटकत होतं. म्हणून त्यानेच ही समुद्राची सहल काढली, मुंबईहून निघून मुंबईला परत, आणि सासऱ्यांचा मान म्हणून जेवणाचं तेवढं त्यांच्यावर सोपवलं. पोराला काय ठाऊक की त्याने कुऱ्हाड नेमकी कोणाच्या हातात दिली.

त्या रात्री हिलालरावांनी खूप विचार केला. निर्मलाबाईंचं म्हणणं सोपं होतं. "सगळा एकज पंगतमा बठूत ना. काय बिघडस?"

काय बिघडतं! व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून मुलीच्या बापाने जेवायचं? लग्नात गेलेली अब्रू परत मिळवायची संधी देवाने समुद्रात का होईना दिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणालाही न सांगता त्या मुलीला कळवलं की पितांबरशेठ, त्यांच्या पत्नी फुलवंताबाई, कुंदन आणि रुचिका हे पहिल्या पंगतीला. आम्ही दोघं दुसरीला. पोरगी दोनदा म्हणाली की काका, एकत्र टेबल मिळतंय. हिलालराव गंभीरपणे म्हणाले, ते रीतीत बसत नाही.

रीतीच्या नादात एक साधी गोष्ट ते विसरले. प्रकाशाला हिलालरावांच्या घरी दिवा लागला की ताटं मांडतात. आणि पितांबरशेठ दुकान बंद करून, हिशेब मिटवून, अंघोळ करून जेवायला बसतात तेव्हा निम्मं नंदुरबार झोपलेलं असतं.

जहाज केवढं, याचं वर्णन हिलालरावांनी पुढे गावात पुष्कळ केलं, पण खरं सांगायचं तर त्यांनी ते नीट पाहिलंच नाही. ते पितांबरशेठचं तोंड पाहत होते. पितांबरशेठ मुळात कमी बोलणारे, आणि बोलताना ओठ मिटून बोलायची त्यांना नवीनच सवय लागलेली दिसत होती. हिलालरावांनी समुद्र दाखवला, ते मान हलवून गप्प. पोहण्याचा तलाव दाखवला, तरी गप्प. राग आहे, हिलालरावांनी मनाशी नोंदवलं, अजून पुरता आहे.

संध्याकाळी पितांबरशेठ नुकता चहा घेऊन खुर्चीत टेकले होते, तोच त्यांना जेवायला चला म्हणून उठवण्यात आलं. टेबलावर चौघंच बसले. कुंदनने विचारलं, पप्पा कुठे आहेत? पप्पा, म्हणजे हिलालराव, मागेच उभे होते. स्वच्छ पांढरा शर्ट, काळी पँट, खांद्यावर घडी केलेला पांढरा टॉवेल आणि दोन्ही हात जोडलेले. तुम्ही बसा, आमचं मागून, असं म्हणून त्यांनी आग्रहाला सुरुवात केली.

आता जहाजावरचे वेटर हे असलं काही शिकून आलेले नसतात. त्यांनी एका माणसाला एक वाटी सूप दिलं की ते पुढे जातात. हिलालराव त्यांना हाताने थांबवत होते, अजून घाला म्हणून खुणावत होते. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईंनी त्यांच्याकडे पाणी मागितलं. हिलालरावांनी आणून दिलं. (मांडवात पाणी मागितलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं.) मग त्या टेबलाने चमचे मागितले. तेही दिले. पितांबरशेठ हे सगळं बघत होते आणि सुपात चमचा नुसता फिरवत होते, कारण पोटात चहा होता.

व्याही जेवत नाहीत हे पाहून हिलालरावांचं धाबं दणाणलं. त्यांनी टेबलावरची पावांची टोपली उचलली आणि एक, फक्त एक, माझ्यासाठी, असं म्हणत एक गोल कडक पाव पितांबरशेठच्या ताटलीत ठेवला.

ठक्क.

तोच आवाज. पितांबरशेठच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि त्यांचा हात आपसूक रुमालाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या, याहीभाऊ," ते म्हणाले आणि उठून डेकवर निघून गेले.

दुसऱ्या पंगतीला हिलालरावांच्या घशाखाली घास उतरेना. दिवेलागणीपासून भूक मारलेली, ती आता मेली होती. निर्मलाबाईंनी एवढंच म्हटलं की व्याह्यांनी आल्यापासून तुम्हाला एकदाही आपल्याबरोबर बसलेलं पाहिलं नाही. त्यांना काय वाटत असेल?

हे बोलणं हिलालरावांना लागलं. रात्रभर ते कुशी बदलत राहिले, आणि सकाळी कोट घातलेल्या त्या हॉलच्या साहेबाला गाठून त्यांनी हात जोडले: मोडली रीत, आम्हा दोघांनाही पहिल्या पंगतीत त्यांच्याच टेबलावर बसवा. साहेबाने हो म्हटलं. व्याह्यांना आयत्या वेळी आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून हिलालराव कोणाला बोलले नाहीत. निर्मलाबाईंना जहाज लागलं होतं, त्या खोलीत डोळे मिटून पडून होत्या.

संध्याकाळी हिलालराव मोठ्या टेबलावर एकटेच जाऊन बसले. व्याही आले नाहीत. येतील, म्हणून ते थांबले. वेटर मात्र थांबत नव्हता. त्याने सूप आणलं. सूप म्हणजे काही जेवण नव्हे, असं स्वतःला समजावून हिलालरावांनी ते प्यायलं. मग भाजी आली, पोळी आली, पुलाव आला. आदल्या दिवशीचा उपाशी माणूस, वेळही नेमकी त्यांच्या जेवणाची. आपण काय करतो आहोत हे लक्षात येईपर्यंत आंब्याचं आइस्क्रीम दोनदा संपलं होतं.

बाहेर येतात तोच रुचिका समोर. "पप्पा, कोठे व्हतात तुम्ही? बाबा तुम्हनासाठे जेवाना थांबेल शेतस. काल तुम्ही एकला पडनात म्हणीसन आज त्यास्नी सगळासले दुसरी पंगत लिधी."

हिलालरावांच्या पायाखालचं जहाज हललं. म्हणजे व्याही उपाशी थांबले होते, आणि मुलीचा बाप पहिल्या पंगतीला जेवून, ढेकर देऊन बाहेर पडला होता! हे कळलं तर अखाजी कसली, पुढच्या सात पिढ्यांचे झोके रिकामे. कोणाला कळता कामा नये, एवढं एकच त्यांना सुचलं. ते मुकाट्याने पुन्हा आत गेले.

पितांबरशेठ त्यांना पाहून पहिल्यांदाच उठून उभे राहिले. खुर्ची ओढून दिली.

"काल तुम्ही उभा व्हतात," ते म्हणाले, "आज तुम्ही बठा. मी वाढस."

आणि त्यांनी वाढलं. व्यापारी माणूस, हात सढळ. सूप, भाजी, पोळी, पुलाव. भूक नाही म्हणावं तर व्याह्यांचा अपमान, खावं तर शर्टाची बटणं धोक्यात. हिलालराव खात राहिले. कपाळावरून घाम वाहत होता. फुलवंताबाई मायेने म्हणाल्या की बिचारे किती भुकेले होते बघा. हे ऐकून पितांबरशेठनी आणखी एक पोळी वाढली.

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"याहीभाऊ, तुम्हले एक सांगू? लगीनमा तुम्हनी बट्टी खाधी आनी मन्हा पुढना दात पडना. लाजना मारे मी कोणले सांगं नही. हाऊ नवा बसाडेल शे." त्यांनी ओठ उचलून दाखवला. "प्रकाशाले वनू ते तुम्ही मानपानमा पुन्हा बट्टी वाढशात. आनी तुम्हना आग्रह. नही कसं म्हणू? म्हणीसन मी येयेच ना. काल तो पाव दखा आनी मन्हा जीवज ग्या."

हिलालरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं सुटकेचं, थोडं पुलावाचं. चार महिने ज्या रागाने त्यांना जाळलं होतं, तो राग नव्हताच, नुसता एक दात होता. त्यांनी भीत भीत विचारलं, मग अखाजीचं?

"रुचिकाले धाडसूत," पितांबरशेठ म्हणाले. "आम्ही बी येसूत. पन बट्टी नको."

हिलालरावांना त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण वाकणं त्या पोटाने शक्य नव्हतं. तेवढ्यात वेटर आला. संध्याकाळचाच, तोच, हसऱ्या तोंडाचा. हिलालरावांनी त्याला डोळ्यांनी पुष्कळ खुणावलं.

"सर, वही मँगो आइस्क्रीम लाऊँ?" तो प्रेमाने म्हणाला. "पहली सीटिंग में आपने दो बार लिया था."

रुचिकाने डोक्याला हात लावला. हिलालराव तोंड उघडायला गेले, तर आतून ढेकर आली. पितांबरशेठनी त्यांच्याकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि मग ते हसले. ओठ न मिटता, नवीन दात दाखवत, टेबलावर हात आपटून हसले.

अखाजीला रुचिका आली. निंबावरचा झोका दिवसभर हलत राहिला आणि निर्मलाबाई उगाच अंगणात येऊन जाऊन त्याच्याकडे बघत राहिल्या. पितांबरशेठ, फुलवंताबाई आणि कुंदनही आले. खापरावरच्या मऊसूत पुरणपोळ्या, आमरस, कुरडया. (काठी पडलेल्या कुरडया तेवढ्या चुरा होत्या.) पहिल्या पंगतीला पाहुणे आणि भाऊबंद बसले. हिलालराव रीतीप्रमाणे वाढायला उभे राहिले आणि पितांबरशेठनी सगळ्या गावाला जहाजावरची गोष्ट रंगवून सांगितली. दुसऱ्या पंगतीला बायका बसल्या. हिलालरावांचं ताट मांडायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण जहाजावरच्यासारखं त्यांचं पहिल्या पंगतीतच गुपचूप उरकलं असणार याबद्दल आता गावात कोणालाच शंका नव्हती. स्वतःहून ताट मागायची हिलालरावांना लाज वाटली.

बायकापोरं झोक्याकडे गेल्यावर ते हळूच स्वयंपाकघरात आले. रसाचं पातेलं चाटूनपुसून लख्ख, पोळ्यांची टोपली रिकामी. फडताळात आदल्या दिवशीची एक बट्टी तेवढी सापडली. त्यांनी ती ताटलीत ठेवली.

ठक्क.

ओसरीवर आडवे झालेले पितांबरशेठ दचकून उठून बसले.

"याहीभाऊ," त्यांनी तिथूनच विचारलं, "तिसरी पंगत बठनी का?"